भाचा म्हणतो पूर्णवेळ ट्रायथलीट होणार. शर्यत नसते तेव्हा ही माणसं करतात काय?

कलमांचा_मामा (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो. आज गरज पडली म्हणून लिहितोय.

माझा भाचा, वय २३, डिप्लोमा झालेला, रत्नागिरीत एका कंपनीत सव्वादोन वर्षं नोकरीला. घर पावसजवळ, मागे आंब्याची दीडशे कलमं. पोरगं लहानपणापासून पाण्यातलं. कॉलेजात पळायला लागलं, मग कुणाची तरी जुनी सायकल घेतली, आणि गेल्या वर्षी गोव्याला मिरामारला ते अर्धं आयर्नमॅन करून आलं. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं. वयोगटात वरच्या नंबरात आला म्हणे. झालं! रविवारी जेवताना जाहीर केलं की नोकरी सोडतो, दोन वर्षं फक्त हेच. 'प्रो' व्हायचंय.

ताई रडतेय, भावोजी बोलेनासे झालेत, आणि त्याची आजी मला विचारते, "त्या प्रोला पगार किती रे?" मला उत्तर देता आलं नाही.

शर्यतीत काय होतं ते मी मोबाईलवर पाहिलं. माझा प्रश्न दुसराच आहे. वर्षात शर्यती सहा-आठ, म्हणजे दिवस सहा-आठ. उरलेले साडेतीनशे दिवस हा माणूस करतो काय? खरंच एवढं काम असतं, की सकाळी दोन तास घाम गाळायचा आणि मग लोळायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. कौतुक नको, खरं सांगा.

बांगडा_फ्राय (सोमवार, रात्री १०.०२)

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. उत्तर 'लोळायचं' असं निघालं तर मीही अर्ज करतो.

झिलग्याचो_बापूस (सोमवार, रात्री १०.२०)

मामानु, माझो झील पण ह्याच वाटेक लागलो. सकाळी उठान पोवता, घराक येवन सायकल, सायकलीवरसून उतारलो काय धावता. म्हातारी इचारता, "रे, ह्येच्या पाठी कोण लागलोहा काय?" मी सांगलंय, कोण नाय, हो पैसे भरून पळता. तेव्हापासून ती रोज देवाक गाऱ्हाणां घालता.

खाडीपल्याड (सोमवार, रात्री ११.१५)

मामा, मी चार वर्षं केलंय. राष्ट्रीय स्पर्धांत एलिट, म्हणजे अव्वल खेळाडूंच्या गटात उतरायचो. निम्मं वर्ष पुण्यात, निम्मं दापोलीकडे घरी. मोठं नाव नाही माझं, पण दिवस कसा जातो ते सांगू शकतो.

पहाटे पाचला उठायचं. आधी वजन, मग नाडीचे ठोके बघायचे. ठोके नेहमीपेक्षा बरेच वर असतील तर त्या दिवशीचा बेत बदलायचा. मग पोहणं, साडेतीन-चार किलोमीटर. घरी येऊन खायचं, अर्धा तास पडायचं. अकराच्या आत सायकल, दोन ते चार तास. जेवण, झोप. संध्याकाळी धावणं किंवा व्यायामशाळा. रात्री नऊला अंथरुणात. आठवड्याचे वीस-पंचवीस तास व्यायामाचे, जगातले वरचे लोक तीस-पस्तीसपर्यंत जातात. हे ऐकून लोक म्हणतात, मग बाकीचा वेळ मोकळाच की. तो मोकळा नसतो. खाणं, झोपणं, अंग मोकळं करणं, सायकल पुसणं, कपडे धुणं. रोज घामाने भिजलेले तीन जोड! जुलैत आमच्या माजघरात दोरीवर सगळे माझेच कपडे, त्यातला एक धड वाळत नसे. आई म्हणायची, घरात माणसं चार आणि कपडे बाराजणांचे.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं की रोज जीव तोडून पळायचं असतं. बराचसा सराव बोलता बोलता जमेल इतक्याच वेगात असतो. आठवड्यात दोन-तीन वेळाच खरं फाटेस्तोवर. बाकी सगळं संथ, तेच रस्ते, तेच वळण, तेच कुत्रं. भाच्याला विचारा, कंटाळा सोसतो का? वेदना पुष्कळजण सोसतात.

आणि हो, लोळायचं असतंच. दुपारची झोप वेळापत्रकात लिहिलेली असते. पण घरात सगळे राबत असताना तुम्ही दुपारी दोनला पंखा लावून पडलेले, हे गावात सांगायला तोंड लागतं. शिमग्यात पालखी नाचवायला गेलो नाही, कारण चार दिवसांनी स्पर्धा होती. दोन वर्षं टोमणे ऐकले.

बांगडा_फ्राय (सोमवार, रात्री ११.२४)

अर्ज मागे घेतला आहे.

हिशोबनीस (मंगळवार, सकाळी ८.१०)

आजींच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, मी देतो. पगार शून्य.

ट्रायथलॉनची बक्षिसं ऐकायला मोठी वाटतात. हवाईत कोनाला आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा होते, तिथे विजेत्याला सव्वा लाख डॉलर. टी-१०० म्हणून एक मालिका आहे (२ किमी पोहणं, ८० सायकल, १८ धावणं), तिच्यात एक शर्यत जिंकली की पंचवीस हजार डॉलर. पण हे जगात पहिला येणाऱ्याचं झालं. खाली उतरत गेलात की दहाव्या-पंधराव्याच्या हातात विमानाचं भाडं सुटेल इतकं पडतं, आणि विसावा आला त्याने स्वतःच्या पैशाने यायचं आणि स्वतःच्या पैशाने जायचं. बहुतेक प्रो दुसऱ्यांना ऑनलाइन शिकवून आणि प्रायोजकांच्या वस्तूंवर जगतात. वस्तूंवर! बूट फुकट मिळाले म्हणून वीजबिल भरलं जात नाही.

आपल्याकडे हा खेळ पोटापाण्यासह कोण करतं ते पाहा. २०१९ला गोव्याची पहिली ७०.३ (म्हणजे तेच अर्धं आयर्नमॅन) जिंकली ती सेनादलाच्या बिश्वरजीत सायखोमने. महिन्याचा पगार, राहणं, जेवण, प्रशिक्षक, सगळी सोय. म्हणून भाच्याला माझा सल्ला: सेनादल, रेल्वे, पोलीस यातलं काही बघ. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठल्या स्पर्धेतला कुठला क्रमांक चालतो ते शासन निर्णय उघडून शब्दन् शब्द वाच. आयर्नमॅनचं पदक गळ्यात असणं आणि ते सरकारी यादीत बसणं यात फार अंतर आहे. हौशी माणूस दोन्ही एकच धरून चालतो.

दुबईकर_चाकरमानी (मंगळवार, सकाळी ९.३५)

कोना आणि कोकण! नावात 'को' दोघांकडे, समुद्र दोघांकडे, उकाडा दोघांकडे. फक्त सव्वा लाख डॉलर त्यांच्याकडे आणि खड्डे आपल्याकडे.

कलमांचा_मामा (मंगळवार, सकाळी १०.४०)

@खाडीपल्याड, मनापासून आभार. कपड्यांचं वाचून ताईला दाखवलं, ती पहिल्यांदा हसली.
@हिशोबनीस, आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग तो धंदा कसला, ते व्रत झालं."

एक विचारायचं राहिलं. हा पोहतो समुद्रात, गणेशगुळ्याच्या बाजूला. ताईला खरी भीती त्याचीच. तलाव पाऊण तासावर, तिथल्या वेळा सकाळी अर्धा तास इकडेतिकडे, आणि मध्येच कधीतरी 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी.

रापणकर (मंगळवार, दुपारी १.१५)

ताईंची भीती रास्त आहे. आमचं घर तीन पिढ्या रापणीच्या मासेमारीवर, तरी आम्ही पाण्याला गृहीत धरत नाही.

भाच्याला तिथीवरून भरती काढता येते का? शहरातल्या सायकलवाल्या पोरांना ॲपशिवाय कळत नाही. जुना हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. प्रत्येक गावाचं थोडं मागेपुढे असतं, तेवढं आपलं आपण जुळवून घ्यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, तेव्हा खाडीच्या तोंडाशी अजिबात जायचं नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्यातल्या त्यात शांत. किनाऱ्याला समांतर पोहायचं, आत नाही. कमरेला दोरीने तो फुगा बांधायचा, नारिंगी, म्हणजे होडीवाल्याला डोकं दिसतं. लाटांत काळं डोकं आणि तरंगतं नारळाचं सोडण लांबून सारखंच दिसतं, हे मी स्वतः होडीतून पाहिलंय. जून ते गणपतीपर्यंत समुद्र बंद. बंद म्हणजे बंद. आम्हीही जात नाही.

बाकी मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात समुद्री पोहण्याची स्पर्धा भरते, तिथे त्याला जरूर पाठवा. बरोबर पोहणारे असले की समुद्र वेगळाच वाटतो.

सोनटक्का (मंगळवार, दुपारी ३.००)

रापणकर काका, फुग्याला शंभर वेळा अनुमोदन. जेलीफिशबद्दलही लिहा की. मला एकदा गालावर चाटून गेली, लग्नाच्या हळदीला तोंड सुजलेलं. नशीब, हळद माझी नव्हती.

मामा, तुमच्या मूळ प्रश्नावर मुलीच्या बाजूने थोडं. मीही एलिट गटात उतरते, नोकरी सांभाळून. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, जितकी हलकी तितकी वेगवान. खाणं कमी केलं. पाच महिने पाळी आली नाही, आणि मी 'बरं झालं, कटकट गेली' म्हणत राहिले. मग नडगीच्या हाडाला बारीक तडा. डॉक्टरांनी सांगितलं की व्यायामाला लागते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही, तर शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं झिजवायला घेतं. मुलांनाही हे होतं, पण त्यांच्यात पाळीसारखी घंटा वाजत नाही म्हणून उशिरा कळतं. भाच्याचं वजन घटत असेल आणि घरचे 'काय छान बारीक झालाय' म्हणत असतील तर त्यांना आधी गप्प करा.

आणि हिशोबनीस, मुली विसरू नका. २०२५ला उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महिलांचं ट्रायथलॉनचं सुवर्ण आपल्या महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने आणलं.

हिशोबनीस (मंगळवार, दुपारी ३.२०)

विसरलो नव्हतो, लिहायचं राहिलं. चूक मान्य.

नाडीवैद्य (मंगळवार, रात्री ८.४५)

डॉक्टर आहे, दोन-चार खेळाडू तपासणीत असतात. शर्यतीबाहेरच्या आयुष्यातली एक गोष्ट कुणीच लिहिली नाही: नाडा. पायजम्याचा नव्हे, उत्तेजकविरोधी संस्था. अर्थात संबंध पायजम्याच्या नाड्याशीही येतोच, ते पुढे.

वरच्या पातळीच्या खेळाडूला एका ठरावीक यादीत घेतलं की त्याला तीन-तीन महिन्यांचं आगाऊ कळवावं लागतं, रात्री कुठे झोपणार, सराव कुठे करणार, आणि रोजचा एक तास असा की त्या तासात त्या पत्त्यावर तो सापडलाच पाहिजे. पहाटे ५ ते रात्री ११ मधला कुठलाही तास निवडा. सांगितलेल्या जागी नसलात किंवा माहिती चुकीची भरलीत, असं बारा महिन्यांत तीनदा झालं तर बंदी. एक गोळी न खाता! यादीत नसलात तरी कधीही, कुठेही तपासणी होऊ शकते.

आता पत्ता काय देणार? 'अमुक वाडी, सड्यावरून खाली, वडाजवळ विचारा.' माझ्या एका खेळाडूच्या घरी अधिकारी आले ते सकाळी सहाला, आणि वाडीत बातमी गेली की पोलीस आलेत. नमुना द्यायचा तो अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर, किमान ९० मिली. हा गडी नुकताच पोहून आलेला, घाबरून दोन तांबे पाणी प्यायला, मग नमुना पातळ भरला, म्हणून पुन्हा. दोन तास बसले होते ओटीवर. आजीने त्यांना घावणे वाढले.

गमतीचा भाग सोडा. खोकल्याच्या साध्या औषधात, गावच्या वैद्याच्या 'ताकदीच्या' पुडीत, जिममधल्या डब्यात काय आहे ते खेळाडूने तपासायचं असतं. 'मला माहीत नव्हतं' म्हणून निर्दोष सुटता येत नाही. भाच्याला आजच सांगून ठेवा, कुणाकडून काही घेऊन तोंडात टाकायचं नाही.

बांगडा_फ्राय (मंगळवार, रात्री ८.५८)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). 'नाडा आला' म्हटल्यावर आमच्याकडे म्हातारी सुई-दोरा शोधेल.

कुडाळचा_पान्हा (मंगळवार, रात्री १०.३०)

सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून सायकलीबद्दल. समुद्राकाठच्या सायकलीचं वय निम्मं धरा. घामाचं मीठ हँडलच्या टेपखाली जाऊन बसतं आणि ॲल्युमिनियम आतून खातं. एक गिऱ्हाईक घेऊन आला, म्हणे हँडल कुरकुरतंय. टेप सोडली तर पांढरी पूड आणि बोट जाईल एवढं भोक. हा त्यावर घाट उतरून आला होता! पावसाळ्यात घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) चालवतात त्यांचं तर आणखी वाईट, सगळा घाम सरळ मुठीच्या छऱ्यांवर ठिबकतो. वर टॉवेल टाका, रोज गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, दर दोन-तीन महिन्यांनी टेप काढून बघा. आणि ते महागडं टाइम ट्रायल मॉडेल आत्ता घेऊ नका. बाजारात लाखांच्या खाली बात नाही, आतून वायरी, एक केबल बदलायला माझा अर्धा दिवस जातो. आहे त्या सायकलीला पुढे कोपर टेकायचे दांडे लावून बसणं नीट करून घ्या, वेगातला मोठा फरक तिथेच पडतो.

रस्त्यांबद्दल मी बोलत नाही. बोललो तर धागा उडेल.

दुबईकर_चाकरमानी (मंगळवार, रात्री ११.०५)

बोलाच हो. महामार्गावर एकदा 'काम चालू आहे' ही पाटीच इतकी गंजलेली पाहिली की पाटीचं काम काढावं लागेल.

रापणकर (मंगळवार, रात्री ११.२०)

महामार्गावर सायकल घालावीच कशाला? पावस-पूर्णगड-गावखडी-आडिवरे हा सागरी रस्ता आहे ना. चढउतार इतके की पाय आपोआप तयार होतात. उत्तरेला दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सायकल चढवायची, तेवढीच विश्रांती.

खाडीपल्याड (मंगळवार, रात्री ११.३१)

त्या फेरीबोटीने माझ्या घड्याळात कितीतरी वेळा वेग शून्य दाखवलाय. प्रशिक्षक फोन करून विचारायचा, पंचवीस मिनिटं बसून होतास का? हो, बोटीत भजी खात होतो.

व्यवस्थापक (बुधवार, सकाळी ७.००)

धागा भरकटतोय. रस्त्यांसाठी वेगळा धागा आधीच आहे (तीन आहेत, तिन्ही कुलूपबंद). मूळ विषयावर या.

सोनटक्का (बुधवार, सकाळी ९.१५)

विषयावरच आहे: खाणं. इथली पोरं शहाळ्यावर विसंबतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जातं. मी सायकलवर मीठ घातलेलं कोकम सरबत नेते. लांबच्या सरावात तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि पोटाला सवय झाली की ९० पर्यंत. त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात, कारण आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत, एकट्या ग्लुकोजची वाट तासाला साधारण ६० ग्रॅमवर तुंबते. साधी साखर म्हणजे दोन्हीचं मिश्रणच. पोटाला हे सरावातच शिकवायचं, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करून बघायचं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. चमकदार पाकिटं नंतर.

बांगडा_फ्राय (बुधवार, सकाळी ९.४०)

पेजेबरोबर सुका बांगडा चालतो का? सोडियमच्या दृष्टीने विचारतोय.

सोनटक्का (बुधवार, सकाळी ९.४४)

चालतो. पण मग घाटात मागे कुणी राहत नाही.

दुबईकर_चाकरमानी (बुधवार, दुपारी १२.१०)

सगळे मिळून पोराला घाबरवताय असं मला वाटतं. फ्लोरा डफी बघा. बर्म्युडा म्हणजे ५३ चौरस किलोमीटरचं बेट, माणसं साधारण ६४ हजार. आपल्या रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ७६ हजार होती. त्या एवढ्याशा बेटावरच्या बाईने टोकियोत ट्रायथलॉनचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, देशाचं पहिलं. मग पावसच्या पोराने का नाही? आणि क्रिसी वेलिंग्टन सरकारी नोकरीत होती, २००७ला तिशीत प्रो झाली आणि त्याच वर्षी कोना जिंकून बसली. कुठला सेनादलाचा पगार होता तिला?

हिशोबनीस (बुधवार, दुपारी १२.४०)

डफी शिकायला आणि सरावाला कोलोरॅडोला गेली, बर्म्युडातच राहिली नाही. बेटाने जन्म दिला, बाकीची यंत्रणा बाहेरची. वेलिंग्टनसारखी माणसं पिढीत एखादी. ती पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनमध्ये एकदाही हरली नाही, तेरापैकी तेरा. अपवादावरून कर्ज काढू नये.

दुबईकर_चाकरमानी (बुधवार, दुपारी १२.५५)

अपवाद झाल्याशिवाय तो अपवाद होता हे कळतं कसं? १९७८ला हवाईत पहिलं आयर्नमॅन झालं तेव्हा पंधराजण उतरले आणि बाराजण पोचले. त्या पंधरांच्या घरी तुमच्यासारखा एखादा हिशोबनीस असता तर आज हा खेळच नसता.

हिशोबनीस (बुधवार, दुपारी १.०२)

त्यातले नोकऱ्या सोडून उतरले नव्हते हो. कल्पना काढणारे कॉलिन्स स्वतः नौदलात अधिकारी होते. पगारी.

खाडीपल्याड (बुधवार, रात्री १०.१०)

दोघांचं भांडण वाचून मजा आली, पण एक मुद्दा निसटतोय. 'प्रो व्हायचंय' म्हणजे कुठल्या खेळात? हे दोन वेगळे खेळ आहेत. ऑलिंपिकचं अंतर १.५ किमी, ४० किमी, १० किमी. त्यात सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटून जायला परवानगी असते, त्यामुळे घोळका होतो. पाण्यातून मिनिटभर उशिरा निघालात की घोळका गेला, मग एकटे वारा खात बसा. तिथे दहाव्या वर्षापासून तलावात वाढलेली पोरं असतात. समुद्रात उत्तम पोहणारा त्यांच्यापुढे पोहण्यातच मागे पडतो, मी पडलो. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, आशियाई स्पर्धा, नोकरीचं आरक्षण, सगळं या बाजूला. लांब अंतरात मागे चिकटणं बंद, प्रत्येकाने आपला वारा आपण कापायचा, आणि तिथे तिशी ओलांडली तरी चालते. भाच्याची गोव्याची वेळ त्या बाजूची आहे. म्हणजे पैसा आणि नोकरी एकीकडे, त्याची ताकद दुसरीकडे. हे त्याने आधी उमजून घ्यावं.

मी का सोडलं ते कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. दुखापत वगैरे काही नाही. चौथ्या वर्षी एका शर्यतीत अकरावा आलो. चांगला पळालो होतो, आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ. घरी फोन केला, बाबा म्हणाले, "बरं झालं. ते शाकारणीचं बघायला कधी येतोस?" ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरंच कौलांची काळजी होती, मे संपत आला होता. मी बसस्टँडवर सायकलच्या खोक्यावर बसलो आणि लक्षात आलं की चार वर्षं या घराची कौलं दुसरंच कुणीतरी बघतंय. आता शाळेत शिकवतो, पहाटे पोहतो, चार पोरांना फुकट शिकवतो. वाईट वाटतं का? जुलैत नाही वाटत. डिसेंबरात, थंड हवा पडली की, वाटतं.

नाडीवैद्य (बुधवार, रात्री १०.२५)

__/\__

कलमांचा_मामा (गुरुवार, रात्री ९.३०)

तुमचं सगळं भाच्याला वाचून दाखवलं. म्हणजे, दाखवायला गेलो तर कळलं की तो सोमवारपासून वाचतोय. आजीचं 'व्रत' वाचून त्याला राग आला होता, घावण्यांचं वाचून गेला.

कौलांचं वाचल्यावर मात्र दोघेही गप्प बसलो. मंडळी, पहिल्या दिवशी मी पगाराचं आणि साडेतीनशे दिवसांचं विचारलं, पण माझ्या डोक्यात कलमंच होती. भावोजींचे गुडघे गेलेत, झाडावर चढणं बंद झालंय. आता मोहोराच्या फवारण्या, मग राखण, मार्चपासून तोड, पेट्या. मजूर मिळत नाही, नेपाळी राखणदार परवडत नाही. हा नोकरीला होता तरी रविवारी आणि रजा टाकून हात लावायचा. पूर्णवेळ खेळणार म्हणजे दुपारी झोपणार, आणि झोपणार ते ऐन तोडीच्या दिवसांत. हे त्याला तोंडावर म्हणायला आम्हा कुणाला जमत नव्हतं, म्हणून सगळे पगाराच्या आडून बोलत होतो.

बोललो एकदाचं. तो म्हणाला, मामा, मेमध्ये तसंही उकाड्याने लांबचा सराव होत नाही, तेव्हा मोसमाची सुट्टी घेता येईल. मार्च-एप्रिलचं काय, यावर अडलंय. नोकरी लगेच सोडत नाहीये. पुढच्या गणपतीपर्यंत नोकरी सांभाळून पोहण्याची वेळ किती खाली येते ते बघणार, @खाडीपल्याड यांनी सांगितलेला दोन खेळांचा मुद्दा त्याला पटलाय. तुमच्याकडे पोहायला पाठवलं तर चालेल का? भावोजी काल त्याला "सायकलला हवा आहे का" एवढं बोलले.

खाडीपल्याड (गुरुवार, रात्री ९.५०)

पाठवा, पण दापोली लांब पडेल. पंधरवड्यातून एकदा मीच खाली येतो, रविवारी. समुद्रातच बघू. येत्या रविवारी तिथी काय?

रापणकर (गुरुवार, रात्री ९.५८)

एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. तुमच्या बाजूला जरा आधीच भरतं, आठ धरा. साडेसातला पाण्यात उतरा.

कलमांचा_मामा (गुरुवार, रात्री १०.०५)

साडेसातला फवारणीवाला येतोय. पंप आमच्याकडे एकच, आणि भाचाही एकच.

खाडीपल्याड (गुरुवार, रात्री १०.१२)

मग सहाला, उजाडायच्या आधी पुळणीवर पळू दे, पाणी चढेपर्यंत. फवारणी किती वाजता आटपेल?

कलमांचा_मामा (गुरुवार, रात्री १०.२०)

वारा नसला तर दहाला. तुम्ही जेवायलाच या. ताई विचारतेय, ट्रायथलॉनवाल्यांना तिरफळाची आमटी चालते ना?